मंदाबाईची पेटी

उदाराम पाणकराचा दहा दिवसांचा नातू गेला. तो कुणामुळे गेला हे ठरवायला चिखलबोडी गावाला एक चिलीम ओढून होईल इतकाही वेळ लागला नाही. मंदाबाईमुळे. दुसरं कोण असणार? नाळ तिनं कापली, पोराच्या अंगाला पहिला हात तिचा लागला, आणि ती महारमोहल्ल्यातली. एवढं जुळून आल्यावर पंचांना डोकं चालवायची गरज उरत नाही.

अनुसयाबाईला हे सौंदडला कळलं, तिसऱ्या दिवशी. स्टेशनाच्या मागं दोन खोल्यांत तिचा दवाखाना होता. दवाखाना म्हणजे एक टेबल, एक कपाट, वजनाचा काटा आणि भिंतीवर बाळंतिणींच्या कमिटीची पाटी. सन एकोणीसशे सदतीस चाललं होतं. जिल्ह्याच्या कमिटीनं तिला नर्स म्हणून नेमून दोन वर्षं झाली होती आणि चौदा गावं तिच्या एकटीच्या अंगावर टाकली होती. तिचं काम रोगी बरे करणं नव्हतं, रोग होऊच न देणं होतं. त्यासाठी तिनं गावोगावच्या सुइणी गोळा केल्या, त्यांना दोन दोन महिने शिकवलं आणि प्रत्येकीला एक पत्र्याची पेटी दिली. पेटीत कैची, धागा, साबण, नखं घासायचा ब्रश आणि उकळून, उन्हात वाळवून कागदात गुंडाळलेली पांढरी फडकी. त्या चौदा सुइणींत मंदाबाई सगळ्यात हुशार. दोन वर्षांत तिच्या हातून एकतीस बाळंतपणं झाली होती आणि धनुर्वातानं एकही मूल गेलं नव्हतं.

आता कमिटीचा कागद आला होता. दुलीचंद सेठ उद्या सकाळच्या गाडीनं येतील, चौकशी करतील, नर्सबाईंनी सुइणीच्या चुकीचा अहवाल सही करून तयार ठेवावा आणि पेटी परत घ्यावी. चौकशी उद्या, चुकीचा अहवाल आजच! अनुसयाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कागद चुरगाळावासा वाटला, पण तो सरकारी शिक्क्याचा होता. तिनं त्याची घडी करून पिशवीत घातली आणि बैलांची दमणी जुंपायला सांगितली.

दुसरी एक गोष्ट होती, ती तिच्या मनाला टोचत होती. उदाराम पाणकर हा तिचा मावसा. सावित्रीबाई तिची सख्खी मावशी. आई गेली तेव्हा अनुसया सहा वर्षांची होती, मावशीनं तिला वाढवलं. एकोणिसाव्या वर्षी ती विधवा झाली आणि नागपूरला नर्सिंग शिकायला निघाली, तेव्हा सगळ्या कोहळी समाजानं तोंड फिरवलं. मावशीनं नाही फिरवलं. तिनं फडक्यात पोहे आणि गूळ बांधून दिला होता.

दमणी आधी तिनं महारमोहल्ल्याकडं वळवली.

मंदाबाई अंगणात धान पाखडत होती. पन्नाशीची, उंच, हाडापेरानं मजबूत. नर्सबाईला बघून तिनं सूप खाली ठेवलं, पण उठली नाही. हे नवीन होतं.

"काय झालं ते सांग मले," अनुसयाबाई म्हणाली. चिखलबोडीत आली की तिची जीभ आपोआप गावाची होई.

"काय सांगू बाई? नखं कापली होती. कोपरापर्यंत साबनानं हात धुतले. त्यांचं भांडं मले भेटत नाही, तं मी मायं मडकं घेऊन गेली. घरामागल्या बाडीत तीन दगडं मांडले, पानी उकळलं. कैची उकळली, धागा उकळला. नाळ बांधली, कापली, तुमच्या पेटीतलं फडकं बांधलं. पोट्टं चांगलं रडलं. आईले पाजाले बी लागलं."

"मंग काऊन मेलं?"

मंदाबाईनं सूप पुन्हा हातात घेतलं. "ते मले नोका विचारू."

"मी नाही विचारणार तं कोन विचारणार? उद्या पेटी जाऊन राह्यली तुयी!"

"मी सांगीन तं मले या गावात राहू देतील का? आमाले पानी बी त्यांच्याच तलावाच्या पाळीखालचं लागते. तुमी त्या घरच्या लेक. तुमीच जा आन विचारा."

क्षणभर, एकच क्षण, अनुसयाबाईच्या मनात आलं, हिनंच काही केलं असेल तर? घाई केली असेल, घरचा विळा वापरला असेल, आता लपवत असेल. मग तिला स्वतःचीच चीड आली. एकतीस लेकरं या बाईनं हातावर झेलली होती, आणि एका घराच्या ओरडण्यानं आपला विश्वास डळमळला. कमिटीत आणि आपल्यात फरक तो काय?

उदारामाचं घर तलावाच्या पाळीजवळ, म्हणजे बांधाजवळ, गावाच्या वरच्या अंगाला. या गावचा तलाव त्याच्या आज्यापणज्यांनी बांधला. कोहळ्यांनी या मुलखात तळी बांधली म्हणून इथं धान पिकतं, हे उदाराम येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, आणि ते खरंही होतं. तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, कधी उघडायची, धानाच्या कोणत्या बांधीत किती पाणी द्यायचं, हे पाणकर म्हणून तोच ठरवी. पाण्याचा थेंब न थेंब त्याला ठाऊक. आश्विन संपत आला होता, धान निसवलं होतं, शेवटचं पाणी चालू होतं.

मावशी मागच्या पडवीत बसली होती. अनुसया दिसताच तिनं आधी विचारलं, "आंग धुतलंस का व?"

"धुतलं." खोटं होतं. या घरात नर्सला आंघोळीशिवाय शिवता येत नसे, कारण नर्स कुणालाही हात लावते. पण आज आंघोळीचा दम नव्हता.

मावशीनं तिला मिठी मारली आणि हंबरडा फोडला. "सोन्यासारखं पोट्टं होतं व अनू! आठव्या दिवशी दूध घेणं सोडलं. तोंडच उघडे ना. दातखिळी बसल्यासारखी. आंगाची नुसती कमान झाली. हात लावला का दचके. दोन दिवस तडफडलं व माय, दोन दिवस!"

धनुर्वात. शंकेला जागाच नव्हती. आतल्या खोलीत गंगा, पोराची आई, भिंतीकडं तोंड करून पडली होती. अनुसयाबाईनं दारातून हाक मारली. ती वळली नाही.

"मावशी," अनुसयाबाई हळूच म्हणाली, "बेंबीले काय लावलं होतं?"

"काय लावलं म्हंजे? मीनं काई कसर सोडली का? ते मंदी गेली, तिची सावली बाडीतून बाहेर पडली, का मीनं पोट्ट्याले गोमूतानं पुसून काढलं. तिच्या पेटीतलं ते फडकं पोटावर होतं, ते काढून उकिरड्यात फेकलं. महारनीच्या पेटीतलं फडकं माया नातवाच्या आंगावर ठेवू? मंग गवरीची राख वस्त्रगाळ केली, ताज्या शेनात कालवली आन बेंबीवर लेप देल्ला. घरचं फडकं बांधलं. सकाळ-संध्याकाळ, दररोज. एक दिवस खंड नाही."

हे सगळं ती अभिमानानं सांगत होती. रडत होती आणि अभिमानानं सांगत होती.

मंदाबाईनं सगळं बरोबर केलं होतं. तिनं जे बरोबर केलं होतं, तेच तिनं केलं म्हणून या घरानं उकिरड्यात फेकलं. आणि त्या जागी शेण. उघड्या, ओल्या जखमेवर गुराच्या गोठ्यातलं शेण, रोज दोन वेळा, मायेनं, गाळून. पोर विटाळानं मेलं नव्हतं, विटाळ काढताना मेलं होतं.

"पन काय करता," मावशी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "माये बी चार असेच गेले. आठव्यालेच. तुले काय मालूम, तू तवा जन्माले बी नव्हती आली. सटवीनं नेले चारी. एक भोजराज तेवढा वाचला. त्याच्या टायमाले मी तापानं फणफणली होती, त्याले कोनी पाहाले बी नव्हतं."

पाहायला कुणी नव्हतं, म्हणून तो वाचला. अनुसयाबाई उठली. तिला तिथं बसवेना. मावशी "जेवून जा व" म्हणत राहिली, आणि ती मागच्या दारानं बाहेर पडून पाळीवर जाऊन बसली.

राग तर मावत नव्हता, पण काढायचा कुणावर? मावशीवर? जिनं पोहे बांधून दिले तिच्यावर? तिला सांगायचं की तुझ्या हातांनी एक नव्हे, पाच लेकरं गेली? तिला जन्मभर सटवीचा आधार होता. देवीनं नेलं म्हटलं की रडून मोकळं होता येतं. तो आधार काढून घ्यायचा, आणि त्याच्या जागी काय द्यायचं? तिचे स्वतःचेच दोन हात.

आणि मग तिला स्वतःचा राग आला, आणि तो सगळ्यात खरा होता. दोन वर्षं आपण शिकवलं कुणाला? सुइणींना. हात असे धुवा, फडकं असं बांधा, आठ दिवस सोडू नका. मान डोलावून त्या शिकल्या. पण बांधलेलं फडकं सोडायचं की ठेवायचं हे सुइणीच्या हातात कधी होतं? ते सासूच्या हातात. सासूला शिकवायला आपण कधी गेलो? या घरात येऊन आपण पोहे खाल्ले, मावशीच्या गुडघ्याला तेल चोळलं, आणि बाळंतपणाची गोष्ट काढली नाही, कारण मावशीला ते ओंगळ वाटे. पाळीखालच्या बायांना शहाणं करणं सोपं होतं. त्या उलटून बोलत नाहीत.

तिथं बसूनच तिनं एक मधला मार्ग काढला. अहवालात लिहायचं, मूल धनुर्वातानं गेलं, सुइणीची चूक नाही. बस. बाकी काही नाही. मंदाबाईची पेटीही वाचेल आणि मावशीही. साप मरावा आणि काठीही तुटू नये. पण असल्या म्हणी खऱ्या काठीला आणि खऱ्या सापाला माहीत नसतात.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता उदारामाच्या अंगणात चौकशी बसली. दुलीचंद सेठ गोंदियाचे, तांदळाच्या गिरणीचे मालक, कमिटीचे मेंबर. गोरेगोमटे, घामानं डबडबलेले. त्यांना बाजेवर चादर टाकून बसवलं. उदाराम घराच्या उंबऱ्यात बसला, त्याच्या शेजारी ओसरीवर त्याचा मुलगा भोजराज, पोराचा बाप, मान खाली घालून. गावचे पाच-सहा जाणते अंगणात. मंदाबाई दूर, कुंपणाच्या बाहेर, पेटी पुढ्यात ठेवून उभी. आत दाराआड बायका.

"बोलो पाणकर," सेठ म्हणाले.

"काय बोलू सेठ? आमच्या टायमाले विळ्यानं नाळ कापत, लेकरं जगत. हे सरकारी कैची आली आन माया नातू गेला. त्या बाईच्या हातात दोष आहे. पेटी काढून घ्या. आन तिले या गावात नाळ कापाले मनाई करा."

"ठीक है. नर्सबाई, रिपोर्ट?"

अनुसयाबाईनं कागद दिला. सेठनं वाचला आणि कपाळाला आठ्या पाडल्या. "ये क्या लिखा है? 'सुइणीची चूक नाही.' अरे बाई, बच्चा तो मरा ना? गलती किसी की तो होगी."

"बेंबीतून विष गेलं. धनुर्वात झाला."

"कैसे गया? कैंची से?"

"नाही. कैची उकळलेली होती."

"तो कैसे?" सेठ वैतागले. "देखो बाई, पाणकर की इज्जत है, कमिटी को गाव चाहिए. किसका नाम लिखू? दाई का लिख दो, बात खतम. वो कोणती तक्रार करणार आहे?"

खरंच, ती कोणती तक्रार करणार होती? ती कुंपणाबाहेर उभी होती. तिच्या बाजूनं बोलायला एक माणूस नव्हता, तिचा नवरासुद्धा तलावाच्या कामावर गेला होता, पाणकराच्याच हुकमानं. गरज सरो आणि वैद्य मरो, अशी ही गोष्ट. काल रात्रभर जपलेली काठी अनुसयाबाईच्या हातात कडाडून मोडली.

"लिहा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "लिहा, सुइणीनं बांधलेलं स्वच्छ फडकं घरच्यांनी काढून फेकलं. सुइणीचा विटाळ नको म्हणून. आणि त्या जागी राख आणि ताजं शेण लावलं, दहा दिवस, दोन वेळा. शेणात धनुर्वाताचं विष असतं. तेच बेंबीतून आत गेलं. मंदाबाईनं लेकरू जिवंत दिलं होतं. मेलं ते या घरात."

उदाराम तिच्याकडं असा बघत राहिला की जणू ती परक्या भाषेत बोलली. मग दाराआडून मावशीचा आवाज आला. मोठा नव्हता.

"अनू. शेनानं?"

अनुसयाबाईला मागं वळता आलं नाही. "हो मावशी."

"मंग माये चार?"

ती काही बोलली नाही. न बोलणं हेच उत्तर होतं, आणि आत ते पोचलं. कुणीतरी भिंतीला टेकून खाली बसल्याचा आवाज झाला, आणि बांगड्या भुईवर आपटल्याचा, पुन्हा पुन्हा. एक बाई "सावित्री, व सावित्री" म्हणत होती.

उदाराम उठून उभा राहिला. त्याच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! माया घरचं खाऊन मोठी झालीस आन भर गावात मावशीले खुनी ठरवून राह्यलीस? नागपुरात हेच शिकलीस का? शेन! आमचे बापजादे शेनानं सारवलेल्या भुईवर जन्मले. कोनी सांगितलं होतं आमाले का शेन वाईट? सांग, कोनी सांगितलं?"

"मीनं सांगितलं होतं, पाणकर."

सगळ्या माना कुंपणाकडं वळल्या. मंदाबाई पेटीच्या मागं ताठ उभी होती.

"तिसऱ्या दिवशी मी लेकरू पाहाले आली तं मले आंगनात येऊ नाही देल्लं. दुरून पाह्यलं तं फडकं दुसरं, आन बेंबीवर राख. बाईले सांगितलं, तं तिनं दार लावलं. मंग मी पाळीवर तुमच्यापाशी आली. तुमी तुडुमाकडं जाऊन राह्यले होते. मी म्हणली, मालक, बेंबीवरचं काढाले सांगा, लेकरू जाईन. तुमी म्हणले, दूर हो, पान्यावर सावली पडते."

उदाराम नाही म्हणाला नाही. तेवढं त्याच्याच्यानं झालं नाही. त्याला आठवत होतं, हे त्याच्या तोंडावर सगळ्यांना दिसलं. भोजराजनं पहिल्यांदा मान वर केली आणि बापाकडं पाहिलं.

अनुसयाबाईला वाटलं, आता संपलं. आता हा माणूस खाली बसेल, आता कुणीतरी कुंपणाचं फाटक उघडून तिला आत घेईल. पण रीत माणसापेक्षा मोठी असते, आणि इज्जत रीतीपेक्षाही. उदाराम बसला, आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सेठ, पेटी घेऊन जा. माया दारात ते पेटी आता नको."

आणि दुलीचंद सेठ उठले! सगळं ऐकून, सगळं समजून, ते उठले. "बात तो खराब हो गयी," ते पुटपुटले, "लेकिन गाव में शांती चाहिए. नर्सबाई, पेटी कुछ महिने सौंदड में रखेंगे. बाद में देखेंगे." ते कुंपणापर्यंत गेले आणि त्यांनी स्वतः पेटी उचलली. आपण फार मोठेपणा करतो आहोत असा त्यांचा चेहरा होता.

मंदाबाईनं पेटी सोडली. हात पदराला पुसले. मग ती बोलली, रागानं नव्हे, हिशेबी माणूस बोलतो तशी.

"न्या सेठ. पन मायं काम तं राहीनच. नाळ कापनं आमच्या घरान्याकडं आहे, तुमी बोलावसान तं मले यावंच लागते. मी येईन. पेटी नाही तं तुमच्याच घरचा विळा मांगीन. धान कापाचा विळा. त्यानंच कापीन. शेन लावा म्हनसान तं लावीन. तुमी सांगसान तसंच करीन. मले कायले दोष, मी तुमच्या मनासारखंच करीन ना."

अंगणात बसलेल्या जाणत्यांपैकी दोघांच्या सुना पोटुशा होत्या. त्यातल्या एकानं खाकरून घसा साफ केला आणि तो जमिनीकडं बघू लागला. अनुसयाबाईला त्या क्षणी त्या सगळ्यांचा, चादरीवरच्या सेठचा, उंबऱ्यातल्या मावशाचा, खाकरणाऱ्या म्हाताऱ्याचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाही तिला संताप आला.

तेवढ्यात आतून हाक आली. गंगाची. तीन दिवसांत या घरानं तिचा आवाज ऐकला नव्हता.

"मंदाबाई! व मंदाबाई! जाऊ नको व माय! मायं दूध चढून राह्यलं. छातीचे दगड झाले. ताप भरून आला. कोनीच हात लावून नाही राह्यलं मले!"

हात लावणार कोण? बाळंतिणीचा विटाळ सव्वा महिन्याचा. तिला शिवायचा हक्क एकट्या सुइणीला, आणि सुईण कुंपणाबाहेर. मूल जाऊन तीन दिवस झाले होते. ते आईच्या अंगाला अजून कळलं नव्हतं. दूध येतच होतं, आणि एका दाराआड सात-आठ बाया नुसत्या उभ्या होत्या.

अनुसयाबाई सरळ सेठपाशी गेली आणि त्यांच्या हातातून पेटी घेतली. ओढली नाही, घेतली. सेठनं पेटीची कडी धरून ठेवली होती ती सोडली. "नौकरी का सोचो, बाई," एवढं ते म्हणाले.

"सोचलं," ती म्हणाली.

तिनं कुंपणाचं फाटक उघडलं, मंदाबाईच्या हातात पेटी दिली आणि तिचा दंड धरून तिला अंगणातून आणलं. जाणत्यांनी पाय आवरून घेतले. मंदाबाईची पावलं मध्येच जड झाली. या घराच्या पुढल्या दारातून ती जन्मात कधी आत गेली नव्हती, बाळंतपणालासुद्धा बाडीतून जायची. पण आतून गंगा कण्हत होती, आणि आता मागं वळसा घालून जायला अनुसयाबाई तयार नव्हती.

उंबऱ्यात उदाराम बसला होता. दोघी त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. तो उठला नाही.

"मावसाजी," अनुसयाबाई म्हणाली, "सरका."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग पेटीकडं. आतून पुन्हा हाक आली, या वेळी शब्द नव्हते. भोजराज ओसरीवरून उठला आणि बापाच्या बाजूला येऊन उभा राहिला.

उदाराम सरकला. सरकताना त्यानं धोतराचा सोगा पायाखालून ओढून मांडीवर गच्च धरला, आत जाणाऱ्या मंदाबाईच्या लुगड्याला लागू नये म्हणून.